स्टोरीबोर्डचं साधन निवडताना

चि. सानिकास,


आठ मिनिटांच्या फिल्मचा स्टोरीबोर्ड कुठल्या सॉफ्टवेअरवर करावा, असं तू विचारलंस. नावं पुष्कळ आहेत: स्टोरीबोर्डर, क्रिटा, ब्लेंडर, बूर्ड्स, टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो, आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. पण चित्र किती देखणं उतरतं यावरून निवड करू नकोस. काढलेली फ्रेम चटकन हलवता, पुसता, टाकून देता येते का, आणि ती पडद्यावर किती वेळ राहणार हे लगेच चालवून बघता येतं का, एवढंच पाहा. बाकीचं सगळं शोभेचं.

स्टोरीबोर्डची पद्धत रुजली तीच मुळी या सोयीमुळे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत सुट्या कागदांवरची चित्रं फळ्यावर टाचायला लागले. एक कागद काढला की गोष्ट कुठे लंगडते ते सगळ्यांना एकदम दिसायचं. सत्यजित राय तर जाहिरात संस्थेत काम केलेले कसलेले चित्रकार. पण ‘पथेर पांचाली’साठी पूर्ण पटकथेऐवजी त्यांनी जी वही केली, तिच्यात शाईने झरझर काढलेली चित्रं आहेत. हात असूनही त्यांनी ती रंगवत बसण्यात वेळ घालवला नाही.

तुझाच प्रसंग घे. आई ओट्याशी चहा गाळतेय, मुलगा दारात उभा आहे, दोघं बोलतात. दोघांना जोडणारी एक रेघ मनात ओढ. आईचा शॉट रेघेच्या अलीकडून आणि मुलाचा पलीकडून घेतलास, तर पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील आणि बोलणं तुटेल. बोर्डवर ही चूक मिनिटभरात सुधारते. शूटिंगच्या दिवशी लाईट, स्टँड, वायरी सगळं उचलावं लागतं. तसंच गाळणीवर थरथरणाऱ्या हाताचा क्लोज-अप. तो दोन सेकंद ठेवायचा की चार, हे कागदावर कळत नाही. फ्रेमना वेळ देऊन, खाली संवादाचं कच्चं रेकॉर्डिंग टाकून चालवलं की लगेच कळतं.

म्हणून माझं मत स्टोरीबोर्डरला. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे. पेन्सिली-ब्रश मोजकेच, त्यामुळे रंगकामात रमायला वावच नाही. प्रत्येक फ्रेमला कालावधी देता येतो, पीडीएफ निघते, एडिटिंगकडेही नेता येतं. गेली काही वर्षं त्यात नवं फारसं आलेलं नाही, तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर नीट चालतं का ते आधी बघ. कुरकुरलं तर क्रिटा घे. २०२१ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून त्यात स्टोरीबोर्डची सोय आहे.

तू म्हणशील, मला चित्र काढताच येत नाही. काडीची माणसं चालतील, फक्त तोंड कुठे आणि कॅमेरा कुठे हे कळलं पाहिजे. तेही नको असेल तर मैत्रिणींना त्या खोलीत उभं करून मोबाइलवर फोटो काढ आणि तेच क्रमाने लाव. एआयकडून चित्रं करून घ्यावीत, हा मोह मला समजतो. पण एका फ्रेममधून दुसरीत जाताना आईचं पातळ बदलतं, ओटा उजवीकडून डावीकडे जातो. शिवाय तुझी खोली दहा बाय बाराची आहे आणि त्या सुंदर चित्रातला कॅमेरा बहुधा भिंतीपलीकडे उभा असतो. असा बोर्ड बघून कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाने करायचं काय?

व्यावसायिक लोक स्टोरीबोर्ड प्रो वापरतात, हे खरंच. ॲनिमेशन स्टुडिओत बोर्डवरूनच पुढचं सगळं काम चालतं, तिथे त्याचे पैसे वसूल होतात. दोन पात्रं आणि एक खोली यासाठी वर्गणी भरण्यापेक्षा ते पैसे चांगला माईक भाड्याने आणायला ठेव. आणि बोर्डमुळे सेटवरची उत्स्फूर्तता जाते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. बोर्ड पुराणातल्या शापासारखा अटळ मानला तर जातेच. पण नटीने ऐनवेळी काही वेगळं केलं, तर त्यापायी पुढचा कुठला शॉट सोडता येईल हे सांगायलाही बोर्डच लागतो.

तेव्हा तुलनेचे व्हिडिओ बघणं आता बंद कर. चहाच्या प्रसंगाच्या फ्रेम काढ, वेळ लाव आणि चालवून झाल्यावर मला पाठव. चित्रं वाईट असली तरी चालतील, पण दार कुठल्या बाजूला आहे ते प्रत्येक फ्रेममध्ये दाखव.

तुझा,
मामा