जुन्या संगणकासाठी मुक्त प्रणाली : नवशिक्याने निवड कशी करावी?

माझे घर बऱ्हाणपूरचे. ताप्तीकाठचे हे शहर यंत्रमागांचे म्हणून ओळखले जाते. माग जुना झाला म्हणून तेथे कोणी तो लगेच भंगारात काढीत नाही. झिजलेला भाग बदलून तो चालविला जातो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण असा विचार क्वचितच करतो. तो करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी २०१२ साली घेतलेला एक संगणक आहे. काकांच्या दुकानाची पत्रे आणि धाकट्या बहिणीचा बारावीचा अभ्यास त्याच्यावरच चालतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आमचे यंत्र बिघडलेले नाही, पण पुढच्या प्रणालीला ते चालत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, आणि नवा संगणक घ्यावा तर बहिणीच्या पुढील शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावावा लागतो. अशी अडचण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

यावर उपाय म्हणजे मुक्त स्रोत प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी निरनिराळे संच बांधले. त्यांना ‘वितरणे’ म्हणतात. त्यांच्या प्रती काढून इतरांना देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे चोरट्या प्रतींचा जो सुळसुळाट आहे, त्याची येथे गरजच उरत नाही.

वितरणे शेकडो आहेत, आणि नवशिक्या गोंधळतो तो येथेच. माझे मत असे की, आधी यंत्र पाहावे, मग काम पाहावे आणि वितरणाचे नाव सर्वांत शेवटी पाहावे.

प्रथम यंत्र. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’वर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास रॅम किती आहे आणि प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे कळते. पुष्कळदा प्रोसेसर ६४ बिटचा असून त्यावर ३२ बिटची विंडोज घातलेली असते. म्हणून प्रोसेसरचाच उल्लेख वाचावा.

प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल, तर ‘लिनक्स मिंट’ची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्यावी. तिचा मेनू विंडोजप्रमाणेच खाली डाव्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे सवय लवकर होते. २०२४ साली आलेल्या तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम २ जीबीच असेल तर ‘लुबुंटू’ अधिक हलकी पडते. त्याहून कमी रॅम असेल, किंवा प्रोसेसर ३२ बिटचा असेल, तर ‘अँटिएक्स’ पाहावी. मात्र ती नवशिक्याला थोडी अवघड वाटते. ३२ बिटच्या यंत्रांचे पर्याय कमी होत चालले आहेत, हेही ध्यानात असावे. २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ने त्यांच्यासाठी स्थापना-संच देणे बंद केले.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. प्रणाली हलकी असली तरी आजची संकेतस्थळे हलकी नसतात. २ जीबी रॅममध्ये ब्राउझरची दहा पाने एकदम उघडली तर कोणतीही प्रणाली अडखळणारच. म्हणून शक्य असल्यास रॅम वाढवावी आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या संगणकाच्या मानाने हा खर्च पुष्कळ कमी येतो आणि फरक लगेच जाणवतो.

आता काम. पत्रे आणि कोष्टके यांसाठी ‘लिब्रे ऑफिस’ पुरेसे आहे. परंतु दुकानाचा सारा हिशेब ‘टॅली’वर असेल तर थांबावे, कारण टॅली विंडोजसाठी बनविलेली आहे. आमच्या काकांचा हिशेब वहीत असल्याने हा प्रश्न आला नाही. मध्य प्रदेशात हिंदी टंकलेखन बरेचसे ‘कृतिदेव’ फाँटमध्ये होते; तो फाँट नव्या प्रणालीत घातल्याशिवाय त्यातील जुन्या फाइली वाचता येणार नाहीत. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत समान उच्चाराची अक्षरे बहुतेक त्याच कळांवर येतात, ही आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांतील लेखकांना सोयीची गोष्ट आहे.

निवड झाली तरी लगेच जुनी प्रणाली पुसू नये. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवावी आणि ‘रूफस’ या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. असे केल्याने पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो, म्हणून तो रिकामाच घ्यावा. संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला की, डिस्कला हात न लावता प्रणाली चालवून पाहता येते. त्या वेळी वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन या चार गोष्टी तपासाव्यात. चारही जुळल्या तर सर्व फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि मगच स्थापना करावी.

हा मार्ग केवळ हौशी लोकांचा आहे, असे कोणी समजू नये. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सोयीची लिनक्स प्रणाली दिली. केरळच्या शाळांत तर मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात.

शेवटची गोष्ट माणसाची. वितरण असे निवडावे की, अडल्यावर विचारता येईल असा निदान एक जाणकार आपल्या गावात किंवा वर्गात असेल. तसा कोणी नसेल तर दोघांतिघांनी मिळून एकच वितरण घ्यावे. म्हणजे एकाला जे कळले ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, आणि पेनड्राइव्हही एकच पुरेल.