पेलेट व मक्याच्या शेगडीचे जळण : निवड आणि साठवण

दाणा मुठीत घेऊन, दाताखाली फोडून, पोत्याच्या तळाचा नमुना पाहून मगच सौदा करावा, हे आपल्या व्यापारी घराण्यांतील लहान मुलासही ठाऊक असते. घरात जळणासाठी येणारे पोते मात्र आपण बहुधा न उघडताच कोपऱ्यात लोटून देतो. पेलेटवर चालणारी शेगडी ही मूळची उत्तर अमेरिकेतील थंडीची सोय. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या घरी ती खोली उबदार ठेवते, आणि आपल्याकडेही तिचे लहान प्रकार स्वयंपाकासाठी आले आहेत. म्हणून या जळणाचा विचार मालाच्या दृष्टीने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातील काडीकचरा वाळवून, भारी दाबाखाली साच्यातून काढलेल्या बारीक कांड्या. जाडी बहुधा ६ ते ८ मिलिमीटर. दाबताना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने लाकडातील चिकट द्रव्य मऊ होते व तेच कांडीस बांधून ठेवते. कच्चा माल प्रांतागणिक निराळा : ग्वाल्हेर-मुरैना भागात मोहरीचे काड, गुजरातेत भुईमुगाची टरफले, बेळगावकडे उसाचा चोथा, माळव्यात सोयाबीनचे काड, तर तेलंगणात भाताचे तूस. पेलेट कशाचे, हा पहिला प्रश्न विचारावा. कारण राख त्यावर अवलंबून असते. उत्तम लाकडी पेलेटची राख शंभरात एक भागाच्या आत राहते, तुसाची सुमारे २० भाग भरते. भाव उतरता दिसला म्हणून तुसाचा माल घेणारा गृहस्थ पाच पोत्यांमागे एक पोते राखच विकत घेतो! उष्णतेचाही तोच हिशेब. लाकडी पेलेटच्या किलोत ४,००० ते ४,५०० किलोकॅलरी असतात, तुसात ३,००० च्या आसपास. स्वयंपाकाच्या १४.२ किलो गॅसची बरोबरी करावयाची तर चांगले पेलेटही सुमारे ३५ ते ३९ किलो लागते, आणि शेगडीत वाया जाणारी उष्णता धरता प्रत्यक्षात त्याहून अधिक.

परीक्षा सोपी आहे. कांडी गुळगुळीत, किंचित चकाकणारी व आडव्या चिरा नसलेली असावी. पेलाभर पाण्यात चार कांड्या टाकाव्या. घट्ट दाबलेली तळाशी बसते, सैल दाबलेली तरंगते. पोत्याच्या तळाशी भुकटी फार आढळल्यास माल ओला होऊन गेला आहे किंवा मुळातच कच्चा आहे असे समजावे. ओल शंभरात दहा भागांहून अधिक नसावी. रंगविलेल्या वा सरस लावलेल्या लाकडाचा भुसा त्यात मिसळला असेल तर तो धूर घरात नको; रसायनाचा वास येताच माल परत करावा.

आता मका. अमेरिकेत सुकविलेला मका थेट शेगडीत जाळण्याची चाल २००५ च्या सुमारास बरीच पसरली. त्या वेळी बुशेलचा, म्हणजे सुमारे २५.४ किलोचा, भाव २ डॉलरच्या आसपास होता. पुढे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, त्यात दुष्काळाची भर पडली, आणि २०१२ मध्ये तोच भाव ७ डॉलरच्याही वर गेला. ज्यांनी केवळ मक्यावर चालणाऱ्या शेगड्या घेतल्या होत्या त्यांचा हिशेब चुकला. जिन्नस एक व गिऱ्हाइके तीन (माणूस, जनावर आणि यंत्र) अशी स्थिती झाली की भाव कोणाच्याच हाती राहत नाही, हे आम्ही बाजारात पाहतोच. शिवाय मक्याच्या राखेत पोटॅश व फॉस्फरस असल्याने ती वितळून तिचे खडे बनतात, म्हणून त्या शेगडीत राख ढवळणारा दांडा लागतो. ओल १५ टक्क्यांवर गेली की आच मंदावते. औषध चोळलेले बियाणे तर कदापि जाळू नये.

आमच्या मते खाण्याजोगे धान्य आपल्या घरी शेगडीत जाऊच नये. त्यास दुसरेही कारण आहे. साठवलेल्या मक्यात सोंडे लवकर होतात, आणि असा मका जाळणे म्हणजे जीवहिंसा डोळ्यांदेखत करणे होय. जुने लाकूड व शेणी झटकून, निरखून मगच चुलीत घालण्याची आपल्या घरांतील चाल याच विचाराची आहे. ताजे, कोरडे पेलेट या बाबतीत निर्धास्त. परंतु ओल लागताच त्यातही बुरशी व कीड शिरते.

म्हणून साठवण महत्त्वाची. पाणी लागलेली कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पावसाळ्यात नवी खरेदी टाळून वैशाखातच बेगमी करावी. घनमीटरात साधारण ६५० किलो, म्हणजे २५ किलोची २६ पोती मावतात, तेव्हा जागा आधी मोजावी. आधी आलेले पोते आधी काढावे.

एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. लाकडी पेलेटचा मोठा ढीग बंदिस्त जागेत स्वतःहून कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतो. त्यास ना रंग, ना वास. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेटची उतराई चालू असता एक खलाशी याच वायूने मरण पावला. हवेशीर जागेतील चार पोत्यांचे भय नाही. पण तळघरात किंवा बंद टाकीत टनावारी साठा करणाऱ्याने वारा खेळू दिल्यावाचून आत पाऊल टाकू नये, मुलांस तर त्या बाजूस जाऊच देऊ नये. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून धुराडे नसलेली शेगडी उशाशी ठेवणे हेही तितकेच घातक. धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे असे नव्हे.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून दिवसभर निवू द्यावी, कारण आतील निखारा वरून दिसत नाही. लाकडी पेलेटची गार राख मग झाडांच्या आळ्यात थोडथोडी टाकावी.