वाटेत गिअरबॉक्स दगा देतो तेव्हा

धुळ्याहून इंदूरकडे जाताना पळासनेर मागे पडले की बिजासनचा घाट लागतो. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा रस्ता घरचाच. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात खानदेशातले एक लग्न आटोपून आम्ही परतत होतो. चढणीच्या मध्यावर आमच्या आठ वर्षांच्या मोटारीच्या इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला. वेग मात्र वाढेना. समोरच्या फलकावरील गिअरचा आकडा लुकलुकू लागला आणि गाडी थांबली ती थांबलीच. मागे मालमोटारींची रांग, गाडीत सौ. आणि ऐंशी वर्षांच्या मातोश्री, माथ्यावर दुपारचे ऊन.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतून दूरध्वनी आला : “संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल. १,३६,००० रुपये. आज होकार दिलात तर सुटा भाग मागवतो.” प्रत्यक्षात काम ४३,००० रुपयांत झाले. मधल्या पाच दिवसांत जे काही उमगले, ते इतर मोटारधारकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

थांबल्यावरची पहिली दहा मिनिटे

गिअर पडेनासा झाला तरी “जवळच्या गावापर्यंत रेटू या” हा मोह प्रथम आवरावा. घसरणारा क्लच तापतो आणि शेजारचे भागही खराब करतो. तेल गळालेला गिअरबॉक्स थोड्याच अंतरात आतून खरवडला जातो. गाडी शक्य तितकी डाव्या कडेला घ्यावी, चारही इशारादिवे लावावेत, सूचना देणारा त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. घाटात बंद गाडीत बसून राहण्याइतके धोकादायक दुसरे काही नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. आम्हांला टोलनाक्याची क्रेन त्यावरूनच मिळाली.

क्रेन आली की आणखी एक काळजी घ्यावी लागते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी पद्धतीच्या स्वयंचलित गाडीत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना गाडी ओढली आणि इंजिनाची ताकद पोचणारी चाके जमिनीवर फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना घासतात. अशी गाडी सपाट तळाच्या ट्रकवर चढवूनच न्यावी. ते शक्य नसेल तर निदान ही चाके उचललेली असावीत. बहुतेक छोट्या मोटारींत ती पुढची असतात. क्रेनवाल्याला घाई असते. हे त्याला आपणच सांगावे लागते.

खरोखर काय बिघडले?

“गिअरबॉक्स गेला” हा शब्दप्रयोग फार सैल आहे. पुष्कळदा गिअरबॉक्स शाबूत असतो आणि दोष त्याच्या आसपासच्या एखाद्या भागात असतो. खर्चातील तफावत येथूनच सुरू होते.

पायाने क्लच दाबण्याच्या गाडीत काही लक्षणे मालकालाही ओळखता येतात. इंजिन गुरगुरते पण वेग वाढत नाही, जळका वास येतो : क्लच प्लेट झिजलेली असण्याचा संभव अधिक. पेडल खाली जाऊन तिथेच राहिले तर क्लचच्या तेलाची डबी आधी पाहावी. गळती असेल तर दुरुस्ती तुलनेने स्वस्त. गिअरचा दांडा कोठेही सैल फिरत असेल तर केबल निसटली वा तुटली असावी. आवाजावरूनही बरेच कळते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येऊ लागला, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. एखादाच गिअर पडून निसटत असेल तर मात्र दोष आतला समजावा, आणि तो खर्चिक असतो.

स्वयंचलित गाड्यांची गोष्ट निराळी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी हा प्रकार आपल्याकडे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात. ते हाताळण्याचे काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. त्यामुळे बॅटरी क्षीण झाली तरी गिअर पडत नाही आणि मालकाला वाटते, सारे संपले! म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. आमच्या गाडीत क्लचचा संच झिजला होता आणि ॲक्च्युएटरमधून तेल झिरपत होते. गिअरबॉक्सच्या दातांना ओरखडाही नव्हता.

हे कळले ते संगणकीय तपासणीतून. आधुनिक गाडीचा संगणक दोषाचे सांकेतिक क्रमांक साठवून ठेवतो. कार्यशाळेकडे मी त्या क्रमांकांची छापील प्रत मागितली, तेव्हा थोडी टाळाटाळ झाली, पण मिळाली. त्यात क्लच आणि तेलाचा दाब यांसंबंधीचेच क्रमांक होते. ती प्रत घेऊन गाडी दुसरीकडे दाखवली. पहिल्या ठिकाणी लबाडी होती असे मी म्हणणार नाही. संपूर्ण संच बदलणे कारागिराला सोपे असते आणि हमी देणेही सोपे. मात्र त्या सोयीची किंमत मालक मोजतो. कोणता भाग निकामी झाला, तो कसा ताडला आणि तेवढाच का बदलता येणार नाही, हे तीन प्रश्न लेखी एस्टिमेट हाती येईपर्यंत विचारत राहावेत. काढलेले जुने भाग परत मागण्यासही संकोच करू नये.

खर्च कोणाचा?

गाडी उघडण्यापूर्वीच हा प्रश्न सोडवायचा असतो, कारण उघडल्यानंतर तो बहुधा आपल्या विरोधात सुटतो. हमीची मुदत शिल्लक असताना बाहेरच्या कारागिराने गिअरबॉक्स खोलला, तर कंपनीला दावा नाकारण्यास निमित्त मिळते. वाढीव हमी घेतली असल्यास तिचे कलम न्‌ कलम वाचावे. क्लच प्लेट ही झिजणारी वस्तू म्हणून तीत सहसा वगळलेली असते. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केल्याच्या पावत्याही मागितल्या जातात. ही हमी मूळ हमी संपण्यापूर्वीच घ्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

विम्याविषयी गैरसमज सर्वांत मोठा. “माझा फर्स्ट पार्टी विमा आहे” असे म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ. परंतु प्रमाणित मोटार विमापत्रात झीज आणि यांत्रिक अथवा विद्युत बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. चालता चालता गिअरबॉक्स बंद पडला, तर विमा कंपनी काही देणे लागत नाही. इंजिन व गिअरबॉक्स संरक्षणाचे जे जादा कवच मिळते, तेही झिजेसाठी नसते. पाणी आत शिरणे, दगड लागून तळाला तडा जाणे व तेल वाहून जाणे अशा प्रसंगांसाठी असते. त्यातही तेल सांडताना दिसत असूनही गाडी पुढे चालवली, तर पुढचे नुकसान परिणामी ठरवून दावा फेटाळला जाऊ शकतो. दगड लागला असेल तर तेथेच छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काही खोलू देऊ नये. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली असेल, तर गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे. दुधाळ झालेले तेल म्हणजे पाणी शिरल्याची खूण.

दोष निर्मितीतलाच असेल तर? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. आपल्या गाडीसाठी असे काही जाहीर झाले आहे का, हे अनेक उत्पादकांच्या संकेतस्थळांवर चॅसिस क्रमांक घालून पाहता येते.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील फोर्डचे प्रकरण उद्बोधक आहे. पॉवरशिफ्ट नावाचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असलेल्या मोटारी थरथरतात, मध्येच जोर सोडतात, अशा तक्रारी घेऊन ग्राहक गेले असता, अनेकांना त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीचाच दोष सांगितला गेला. एप्रिल २०१८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. “साहेब, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता” हे वाक्य आपल्याकडेही अपरिचित नाही. कधी ते खरेही असते. पण त्यावर वाद संपू देऊ नये. प्रत्येक तक्रार जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याची प्रत जपावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर विनामूल्य तक्रार नोंदवून पाहावी.

पैशांची तजवीज

खर्च अखेर आपल्याच गळ्यात पडला, तर घाईत क्रेडिट कार्ड पुढे करणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. मुदत ठेव असेल तर ती मोडण्यापूर्वी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का हे शाखेत विचारावे. व्याज साधारणतः ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच अधिक असते, ते वापरलेल्या रकमेवरच लागते आणि ठेव अबाधित राहते. मी हेच केले. ४३,००० रुपये सात महिन्यांत फेडले.

मोटार कर्जावर असेल तर ती कार्यशाळेत पडून आहे म्हणून हप्ता थांबत नाही. एखादा हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेला आधीच सांगितलेले बरे, कारण चुकलेल्या हप्त्याची नोंद पतइतिहासात राहते.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर जात असेल, तर ती विकण्याचा विचार गैर नाही. कर्ज बाकी असल्यास मात्र बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ यांशिवाय नोंदणी पुस्तिकेवरील तारणाची नोंद रद्द होत नाही. खरेदीदाराकडून इसार घेण्यापूर्वी उर्वरित कर्जाचा आकडा शाखेतून लेखी घ्यावा.