ब्रसेल्स स्प्राउट्स उकडू नका, भाजा

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या बाजारात ब्रसेल्स स्प्राउट्सचे ढीग लागतात. कुठे सुटे, कुठे जाळीच्या पिशवीत, कुठे हातभर लांब दांड्याला लगडलेले. तिकडे राहणारे वाचक विचारतात, भाजी चांगली म्हणतात, पण आमच्याकडे कुणी तोंडाला लावत नाही, मग करायची कशी? माझं उत्तर ठरलेलं आहे. उकडू नका, ओव्हनमध्ये भाजा. आणि ताटात वाढण्याआधी घरात कोण कुठली गोळी घेतं, ते एकदा पाहा.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हे स्प्राउट्स ही सगळी एकाच वनस्पतीची रूपं. त्यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. भाजी पाण्यात बराच वेळ खळखळली की त्यांचं विघटन होऊन तो उग्र दर्प घरभर पसरतो. शिवाय क जीवनसत्त्वाचा मोठा वाटा पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण ओतून देतो. 1990च्या दशकात नेदरलँड्समधले संशोधक हान्स फान डोर्न यांनी सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन या दोन द्रव्यांमुळे कडूपणा येतो हे दाखवलं. त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी कमी कडू वाण निवडून वाढवले. त्यामुळे लहानपणी परदेशी शाळेच्या जेवणात ही भाजी खाऊन कायमची धास्ती घेतलेल्यांनी ती आता पुन्हा चाखून पाहावी. मुलांना मात्र रागावू नका. त्यांच्या जिभेला कडू चव जास्त जाणवते आणि काहींच्या बाबतीत ते आनुवंशिकही असतं.

आता कृती. चार माणसांना अर्धा किलो पुरतात. लहान, घट्ट आणि हिरवेगार निवडा. देठाचा सुकलेला भाग तेवढा काढा, पानं सुटतील इतकं खोल कापू नका. उभे दोन भाग करा आणि धुतल्यावर फडक्यावर अगदी कोरडे होऊ द्या. ओल राहिली तर ते भाजले न जाता वाफेवर शिजतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. ओव्हन 220 अंश सेल्सिअसवर, म्हणजे 425 फॅरेनहाइटवर तापवा आणि ट्रेही आतच तापू द्या. दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मीठ आणि मिरपूड हाताने चोळा. मग कापलेली बाजू खाली करून एकेक मांडा. एकावर एक रचू नका, दोन ट्रे लागले तर लागू देत. वीस ते पंचवीस मिनिटांत खालची बाजू गडद तांबूस होते, सुरी देठात सहज जाते आणि गळालेली सुटी पानं कुरकुरीत होतात. मुलं आधी ती पानंच उचलतात, म्हणून ती टाकू नका.

वरून लिंबू पिळा. किंवा मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि लाल मिरचीची फोडणी घालून मूठभर दाण्याचं कूट भुरभुरवा; मला तरी हीच चव सगळ्यात आवडते. तिकडच्या पाककृतींत बेकन किंवा मेपल सिरप असतं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर या दोन्हींची गरज नाही.

100 ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये साधारण 43 कॅलरी, जवळपास 4 ग्रॅम तंतू, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि सुमारे 85 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. जेवणात बटाट्याच्या जागी हे आले की मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटातलं पिष्ट आपोआप कमी होतं. वरून पिळलेलं लिंबू वरणातलं लोह शोषायलाही मदत करतं.

औषधांची गोष्ट मात्र नीट वाचा. भारतातून आई-बाबा काही महिन्यांसाठी मुलांकडे येतात, सोबत गोळ्यांचा डबा असतो आणि त्यात कधी वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल असतं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना तर ही गोळी चुकवून चालत नाही. ती के जीवनसत्त्वाच्या कामाला आळा घालून रक्त गोठणं कमी करते. अर्धा कप शिजलेल्या स्प्राउट्समधून सुमारे 110 मायक्रोग्रॅम के मिळतं. बाईची दिवसाची गरज 90 आणि पुरुषाची 120 मायक्रोग्रॅम धरतात. एरवी पालेभाजी बेताने खाणाऱ्या माणसाने तिकडे जाऊन अचानक रोज वाटीभर स्प्राउट्स खाल्ले, तर गोळीचा परिणाम कमी होतो, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा तपासणीतला आकडा) खाली येतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. भाजी बंद करायची गरज नाही. प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवा आणि आहार बदलला की आयएनआर लवकर तपासून घ्या. गोळीचा डोस मात्र स्वतः बदलू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, एपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्यांना हा नियम लागू नाही. डब्यातली गोळी नेमकी कुठली, हे चिठ्ठीवर पाहून खात्री करा.

थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी भगिनी कोबीच्या जातीच्या भाज्या भीतीने सोडून देतात. आयोडीनयुक्त मीठ खाण्यात असेल आणि भाजी शिजवलेली असेल, तर आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ल्याने थायरॉइड बिघडत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी घेण्याचं पथ्य जास्त महत्त्वाचं. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितलं असेल, तर किती खायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

गॅसची तक्रार होणाऱ्यांनी पहिल्या वेळी चार-पाच अर्धेच खावेत आणि पोटाला सवय होईल तसं वाढवावं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा गोल स्प्राउट कधीही देऊ नका, तो घशात अडकू शकतो. मऊ भाजून चार तुकडे करून द्या.

उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. मायक्रोवेव्हमध्ये ते लिबलिबीत होतात, तव्यावर थेंबभर तेलात परतले की पुन्हा खरपूस होतात.