काळ्या पडद्यावरचे रंग

सर्व्हरला डेस्कटॉप नसतो, हे आता तुला कळलंच असेल. पडद्यावर रंग दिसेनात की आधी टर्म या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघ, मॉनिटरला नावं मग ठेव. मशीनसमोर बसून लिनक्सच्या मूळ कन्सोलवर काम करत असशील, तर तिथे 'लिनक्स' हवं. 'टीपुट कलर्स' चालवलंस की ८ हे उत्तर येईल. ते बरोबर आहे. सीरियल केबलवरून शिरलास आणि टर्म 'व्हीटी१००' असेल, तर उत्तर उणे १. डेक कंपनीचा तो १९७८चा टर्मिनल मुळात एकरंगीच होता, त्याच्याकडे रंग मागून काय मिळणार?

कोणीतरी सांगेल, टर्मला 'एक्सटर्म-२५६कलर' करून टाक. एसएसएचनं लॅपटॉपवरून आला असशील तर ते आपोआपच तसं असतं, असू दे. पण मूळ कन्सोलवर हे खोटं बोलू नकोस. २५६ रंगांच्या सूचना तो नाकारत नाही, आपल्या सोळांपैकी (आठ साधे, आठ उजळ) जवळचा रंग लावून मोकळा होतो, आणि तुझी सुंदर थीम चिखल होते. त्यात एफ१ ते एफ५ या कळांचे कोड दोन्हीकडे वेगळे, त्यामुळे मेनू उघडेनासे होतात. विम तर बहुधा पार्श्वभूमी पांढरी धरतो आणि कॉमेंट गडद निळ्या रंगात लिहितो. काळ्यावर तो निळा वाचून दाखव मला! अडलंच तर विममध्ये 'सेट बॅकग्राउंड=डार्क' म्हण.

तो निळा मुळातच वैताग आहे. तो उजळता येतो: एस्केप, उजवा चौकोनी कंस, मोठा पी, रंगाचा क्रमांक ४ आणि मागोमाग सहा हेक्स अंक, एवढं 'प्रिंटएफ'नं सोडायचं. 'एलएस'मधल्या फोल्डरांचा निळा मात्र ठळक असतो, म्हणून तिथे ४ऐवजी सी. बिघडलं तर तोच एस्केप, तोच कंस आणि मोठा आर. मूळ रंग परत.

५१२ चिन्हांचा फॉन्ट चढवलास तर सोळा रंगांचे आठच उरतात, कारण उजळपणाचा बिट चिन्हांच्या कामी लागतो. आणि एवढं करूनही देवनागरी येत नाही ती नाहीच. मराठी नावांच्या फायली तिथे नुसत्या चौकटी दिसतात.

स्क्रिप्टमध्ये 'एलएस'ला 'कलर=ऑलवेज' कधी देऊ नकोस, 'ऑटो' दे. नाहीतर लॉग फायलीत कंस, आकडे आणि 'एम' यांचा कचरा साठतो. चुकून साठलाच तर 'लेस'ला मोठा आर देऊन वाच. रूटचा प्रॉम्प्ट लाल ठेव, पण रंगाचे कोड बॅशच्या उलट्या तिरप्या रेघेसकट चौकोनी कंसांत घाल. नाहीतर लांब कमांड लिहिताना ओळ स्वतःवरच चढते.

बायनरी फाईल 'कॅट' केलीस आणि अक्षरांच्या जागी रेघोट्या आल्या, तर घाबरून मशीन बंद करू नकोस. काही दिसत नसलं तरी 'रीसेट' टाइप कर आणि एंटर मार.