पावसाळ्यात खरखरणारा सांधा

प्रश्न : लँडलाइन माजघरात न्यायला वायर पिळून टेप गुंडाळली. उन्हाळ्यात आवाज स्वच्छ, पाऊस लागला की खरखर. पूर्ण वायर बदलावी का?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : खरखर पावसासोबत येते-जाते, म्हणजे पहिला संशय सांध्यावर. फोन ठेवलेला असतानाही तारांच्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब चोवीस तास असतो. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या तुमच्या भागात पावसाळाभर हवा दमट. टेपमध्ये ओल शिरली की या दाबाखाली तांबं झिजतं. टेप सोडा, बहुधा हिरवट पूड दिसेल. तेवढा तुकडा कापून टाका आणि बटणासारखा, आत जेली भरलेला कनेक्टर वापरा. जोडीला दोन लागतात. वायर सोलायची नाही (सवयीने सोलली जातेच!), दोन्ही टोकं तळापर्यंत सारून पक्कडीने बटण सपाट दाबायचं. आतली पाती आवरण कापून तांब्याला भिडते, जेली ओल अडवते. आधी लाइन रोझेटपासून (फोनची वायर जोडायच्या डबीपासून) सोडवा; रिंग आली तर ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी झटका बसतो.

‘टेपवर वर्षानुवर्षं चालतं की!’ चालतं, कारण बोलणं थोडी खरखर सोसतं. त्याच जोडीवरचं ब्रॉडबँड सोसत नाही, वारंवार तुटतं. डाख दिला तर? जोड उत्तम होतो, पण ओल अडवायचं काम उरतंच. नवा सांधाही खरखरला, तरच वायरीकडे वळा.