परक्या देशाची दंडसंहिता आणि राजनय : ब्रुनेईचे उदाहरण

एखाद्या देशाने आपल्या नागरिकांना कोणती शिक्षा द्यावी, हा त्याचा घरचा प्रश्न की साऱ्या मानवजातीचा? विद्यार्थ्यांनी ब्रुनेईच्या उदाहरणावरून याचा विचार करावा.

बोर्निओ बेटावरील ब्रुनेई हे तेल व वायूमुळे संपन्न झालेले छोटे राष्ट्र. तेथे सुलतानाची राजवट आहे. 2013 साली तेथे शरियतवर आधारित दंडसंहिता जाहीर झाली. 2014 मध्ये तिचा पहिला टप्पा लागू झाला. 3 एप्रिल 2019 रोजी पुढील कलमे अमलात आली. त्यांत चोरीसाठी हात तोडणे आणि व्यभिचार व पुरुषांमधील समलिंगी संबंधांसाठी दगडांनी ठेचून मारणे, अशा शिक्षांची तरतूद होती.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या तत्कालीन मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बॅशेलेट यांनी त्यापूर्वीच हे थांबविण्याचे आवाहन केले होते. ब्रिटन व युरोपीय संघानेही चिंता कळविली. आपण सार्वभौम आहोत, आपले कायदे आपण राबवतो, असे ब्रुनेईचे उत्तर होते. परंतु 1948 च्या जाहीरनाम्याचे 5 वे कलम क्रूर व अमानुष शिक्षेला मनाई करते. शिवाय 2015 साली खुद्द ब्रुनेईनेच छळविरोधी करारावर सही केली होती. परक्याचा हुकूम मानण्यापेक्षा स्वतःचा शब्द पाळणे राज्यकर्त्यांना सोपे जाते. राजनयाला वाट मिळते ती येथे.

5 मे 2019 रोजी सुलतान हसनल बोल्किया यांनी जाहीर केले की, मृत्युदंड अमलात न आणण्याची दोन दशकांहून जुनी प्रथा नव्या संहितेलाही लागू राहील. छळविरोधी करारालाही मान्यता देऊ. त्याच महिन्यात जिनिव्हात मानवी हक्क परिषदेपुढे ब्रुनेईचा आढावा झाला. असा आढावा पाळीपाळीने सर्वच राष्ट्रांचा होतो. 2008 पासून भारताचाही झाला आहे. दुसऱ्याला प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःही उत्तर द्यावे, हे या पद्धतीचे बळ आहे.

मात्र तेव्हा कलमे रद्द झाली नाहीत. हात तोडण्याच्या शिक्षेला तर हे आश्वासन लागूच नव्हते. आम्हा बँकेतल्या लोकांना हा फरक चटकन कळतो. ‘स्टॉप पेमेंट’ची सूचना दिली म्हणजे चेक फाडला गेला, असे होत नाही, ज्याने सूचना दिली तो ती मागेही घेऊ शकतो.

म्हणून राजनयाचे यश मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : शिक्षा थांबली काय? आणि कायदा बदलला काय? पहिल्याने आजचा जीव वाचतो. उद्याच्या जिवाची हमी दुसऱ्यातच असते.